जिलॅटिनस म्हणजे काय गं?

फाल्गुन संपत आला की निपाणीत दोन वास एकमेकांत मिसळतात. एक तंबाखूचा. तो इथे बारा महिने असतोच, पण या दिवसांत वखारींची दारं सताड उघडी असतात, बैलगाड्यांवरून नवा माल आत जात असतो, आणि मग तो वास नाकापाशी न थांबता थेट घशात उतरतो. दुसरा वास आंबूस. घरोघरी कुरडयांसाठी गहू भिजत पडलेले असतात. तीन दिवस पाण्यात राहून फुगलेले, बोटाने दाबले की पांढरं दूध सोडणारे. आणि या दोन वासांवरून तरंगत येतो पोरींचा आवाज. परीक्षा जवळ आलेली असते, ओट्याओट्यांवर स्पेलिंगं घोकणं चालू असतं. मी इथल्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवते, त्यामुळे त्या आवाजातल्या चुका मला घरात बसून ऐकू येतात.

इंग्रज आता जाणार, असं रोज वर्तमानपत्रात येतं आहे. जाईनात का. त्यांचा एक शब्द मात्र माझ्यातून निघायला तयार नाही, आणि दर वर्षी याच दिवसांत तो वर येतो. जिलॅटिनस.

शब्द तसा साधा आहे. आपल्याकडे त्याचं काम करायला चार-पाच शब्द रांगेत उभे असतात. भेंडी बुळबुळीत असते, डिंक चिकट असतो, पिकून गेलेलं भोकर गिळगिळीत, सुस्त सावकाराचं पोट थुलथुलीत. जे पातळ नाही आणि घट्टही नाही, हलवलं तर थरथरतं पण सांडत नाही, चिमटीत धरायला गेलं तर निसटतं, अशा सगळ्याला इंग्रज एकाच शब्दात गुंडाळतो. वर्गात मी इतकंच सांगते. मग शेवटी एक वाक्य जोडते, जे माझ्या बाईंनी आम्हाला सांगितलं होतं: हा शब्द कौतुकाला वापरायचा नाही. ते वाक्य बोलताना मी फळ्याकडे तोंड करते.

मी मॅट्रिकच्या वर्गात होते तेव्हाची ही गोष्ट. पंधरा-सोळा वर्षं झाली. निपाणीत मुलींना तेवढं शिकायची सोय नव्हती म्हणून वडिलांनी मला बेळगावला मामांकडे ठेवलं होतं. वडील तंबाखूच्या वखारीत देखरेखीला होते. सर्व्हिस मोटारीने मी बेळगावला जायची तेव्हा ट्रंकेतल्या कपड्यांबरोबर तो वासही यायचा. कितीही धुतलं तरी परकराच्या नेफ्यात तो राहायचाच. वर्गातल्या एकीने पहिल्याच दिवशी नाक वर करून विचारलं होतं, "कोण गं विडी ओढून आलंय?" सगळ्या हसल्या. त्यात सुलूही हसली. मग तिला वाईट वाटलं, आणि घरी आल्यावर तिने आपली वासाच्या साबणाची वडी मला दिली. मी ती घेतली. पण ती हसली होती हे मी विसरले नाही, आणि तिने साबण दिला हेही मी तिच्या जमेला धरलं नाही.

सुलू म्हणजे सुलोचना, मामांची एकुलती एक मुलगी. माझ्यापेक्षा आठ महिन्यांनी लहान, म्हणून मला आक्का म्हणायची. ती नऊ वर्षांची असताना मामी गेली. मामीचे डोळे फार सुंदर होते. मोठे, काळे, आणि हसताना ओलावल्यासारखे दिसणारे. जन्मलेल्या पोरीला आपलेच डोळे आलेले बघून मामीनेच तिचं नाव सुलोचना ठेवलं, असं माझी आई सांगायची. मामांनी पुन्हा लग्न केलं नाही. कोर्टात कारकुनी करायची आणि उरलेला सगळा वेळ मुलीकडे बघायचं, एवढंच त्यांचं आयुष्य. खडेबाजाराच्या मागच्या बोळातलं ते दोन खोल्यांचं घर, स्वयंपाकाला येणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई, आणि आम्ही दोघी.

आई नसलेल्या मुलीचा हेवा कुणी करतं का? मी करत होते. तिचं अक्षर मोत्यासारखं होतं, माझं मुंग्यांच्या रांगेसारखं. मी इंग्रजीचा धडा दहा वेळा घोकायची तेव्हा तो डोक्यात बसायचा. ती दोनदा वाचायची आणि मान हलवत गुणगुणायला लागायची. पण ह्यांतलं काहीच मला फारसं लागत नव्हतं. लागायचं ते वेगळंच. कुणीही घरात आलं की आधी तिच्या डोक्यावरून हात फिरवायचं. "बिच्चारी!" म्हणायचं. शेजारच्या काकू गूळपोळी आणायच्या ती तिच्या नावाने. मला तो "बिचारी" शब्द हवा होता. आई जिवंत असताना तो मिळत नसतो, हे कळत होतं, आणि मग जे मनात येई त्याची मला भीती वाटायची.

त्या वर्षी शाळेत एक गोष्ट ठरली होती. कोल्हापुरात मुलींचं एक वसतिगृह होतं. तिथे राहून कॉलेजात शिकायला आमच्या शाळेतून एका मुलीला जागा मिळणार होती. एकच जागा. इंग्रजीच्या बाई निबंध लिहून घेणार आणि मुलगी निवडणार. ह्या बाई मूळच्या पुण्याच्या. आम्ही बोलायला लागलो की आमचं मराठीही सुधारायच्या. आमच्याकडे बायकासुद्धा "मी जातो, मी करतो" म्हणतात. बाई लगेच बोट वर करायच्या. "जाते. करते. तू मुलगी आहेस ना?"

वडिलांनी मला सांगितलं होतं, "जागा मिळाली तर जा बापडे, अडवत न्हाई. न्हाई मिळाली तर वैशाखात लगीन. दोन ठिकाणं बघून ठेवल्यात." मामांनी सुलूला असं काही सांगितलं नव्हतं. पण कोल्हापूरचं नाव निघालं की तिचा चेहरा उजळायचा. "आक्का, तिथं म्हणे ग्रंथालयात बसून कितीबी वाचत बसलं तरी कोण उठवत न्हाई." ती हे मला सांगायची. आपण दोघी एकाच जागेसाठी बसणार आहोत हे जणू तिच्या ध्यानातच नव्हतं.

दर वर्षी फाल्गुनात माझी आई बेळगावला यायची. भावाच्या घरात बाई माणूस नाही, कुरडया कोण करणार, म्हणून. त्या वर्षीही आली. येतानाच निपाणीहून गहू भिजवून आणले होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाटा मांडून तिने ते वाटले, गाळले, रात्रभर सत्त्व खाली बसू दिलं. मग सकाळी उन्हं चढायच्या आत मोठ्या पातेल्यात चीक शिजायला घातला. चीक ढवळायचं काम माझं. सुरुवातीला दुधासारखं पातळ असतं, ढवळताना काही वाटत नाही. मग एकाएकी उलथन्याला ओढ लागते, पांढरं जाऊन त्याला काचेसारखी झाक येते, आणि सगळं पातेलं एकजीव होऊन डुगडुगायला लागतं. हात भरून येतात. थांबलं तर खाली लागतं.

"आणि जोर लाव," आई म्हणत होती. माझा परकर वाफेने ओला झाला होता.

सुलू स्नान करून आली. आईने तिला जवळ ओढलं, आपल्या पुढ्यात बसवलं आणि तिच्या ओल्या केसांतून बोटं फिरवायला लागली. तिने गरम चीक वाटीत काढला, त्यावर दूध आणि साखर घातली. ती पहिली वाटी तिने सुलूच्या हातात दिली. मी उलथनं धरून उभी होते.

"मला?" मी म्हटलं.

"घे की तुझी तू. पातेलं म्होरंच हाय."

"तिला वाढून दिलास."

आईने वरसुद्धा बघितलं नाही. सुलूचा भांग पाडत म्हणाली, "तिला कोण हाय वाढायला? तुला काय, तुला मी हाय."

आई मला आहे, म्हणून ती सुलूची झाली होती. मी वाटी घेतली, चीक घेतला, साखर घातली नाही. तोंडात घातल्यावर तो जिभेवरून घसरला आणि घशाखाली गेला. चव कळली नाही.

दुसऱ्या दिवशी आई निपाणीला परत गेली. त्याच्याच पुढल्या दिवशी बाईंनी निबंधाचा विषय दिला. "माय मदर." घरून लिहून आणायचा. वर्गात दोन-तीन मुलींनी सुलूकडे वळून बघितलं. बाईंच्याही ते लक्षात आलं असावं, त्या म्हणाल्या, "ज्यांना दुसरा विषय घ्यायचा असेल त्यांनी घ्यावा." सुलू उभी राहून म्हणाली, "हाच घेते, बाई." ती "घेते" म्हणाली, बाईंना हवं तसं.

आमच्या इंग्रजी वाचनमालेत समुद्रकाठावर एक धडा होता. त्यात लाटेने वाळूवर टाकलेल्या कुठल्याशा प्राण्याचं वर्णन होतं, आणि त्यात तो शब्द होता. उन्हात चमकणारा जिलॅटिनस गोळा, असं काहीसं वाक्य. त्याचा अर्थ मी आठवड्यापूर्वीच बघून ठेवला होता. शाळेत एकच मोठी डिक्शनरी होती, बाईंच्या कपाटात. मी वर्गाची मॉनिटर असल्यामुळे मधल्या सुट्टीत ती उघडायला मला मुभा होती. डिक्शनरीत लिहिलं होतं, जेलीसारखा. जेली म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. मी बाईंना विचारलं, तर त्यांनी हाताचा खळगा करून तो थरथरवून दाखवला. "हलतं, पण सांडत नाही. धरलं तर निसटतं." आणि मला एकदम पातेल्यातला चीक दिसला. केवढा आनंद झाला होता तेव्हा! कधी न बघितलेल्या मुलखातला शब्द, आणि तो माझ्या आईच्या पातेल्यात बसला. माझा पहिला स्वतःचा इंग्रजी शब्द होता तो.

संध्याकाळी आम्ही दोघी खिडकीपाशी निबंध लिहायला बसलो. सुलू बराच वेळ टाक तोंडात धरून बसली होती. मग म्हणाली, "आक्का, त्या समुद्राच्या धड्यात शब्द हाय बघ. जिलॅटिनस. जिलॅटिनस म्हणजे काय गं? म्हणायला कसला गोड हाय, पैंजण वाजल्यागत."

मी वहीतून मान वर केली नाही. "कशाला पायजे?"

"आईच्या डोळ्यांवर लिहितो हाय. ती हसली की तिचे डोळे ओले झाल्यागत चमकायचे. त्याला शब्द गावंना. धड्यात उन्हात चमकणारं म्हटलंय, त्याच्याच शेजारी हा शब्द हाय. मला वाटतं तसलंच कायतरी असणार."

एवढं मोठं उत्तर तिने स्वतःच दिलं होतं. मी फक्त "नाही" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. माझ्या डोळ्यांपुढे आईची बोटं होती, सुलूच्या ओल्या केसांतली.

"तसलंच हाय," मी म्हटलं. "पाण्यावर ऊन पडलं की चकाकतं ना, तसं."

"व्हय?" ती खूष झाली. "बघ, मला वाटलंच होतं."

तिचा टाक कागदावर भराभर चालायला लागला. मी माझ्या वहीत आईच्या पातेल्यातल्या चिकावर एक वाक्य लिहिलं आणि तोच शब्द त्यात घातला, बरोबर अर्थाने. दोन्ही निबंध एकाच बाईंच्या हातात जाणार आहेत हे मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. तेच हवं होतं.

चार दिवसांनी बाई वह्यांचा गठ्ठा घेऊन वर्गात आल्या. त्या माणूस म्हणून वाईट नव्हत्या, हे मला सांगितलंच पाहिजे. त्यांना चुका आवडत नसत, इतकंच. त्यांनी वरची वही उचलली आणि म्हणाल्या, "एकच शब्द दोन मुलींनी वापरला आहे. दोघी एकाच घरात राहतात. शब्द कसा वापरावा आणि कसा वापरू नये, ते ऐका." आधी त्यांनी माझं वाक्य वाचलं. माझी आई चीक शिजवते, तो शिजला की जिलॅटिनस होतो. "अगदी बरोबर," त्या म्हणाल्या. "वस्तू डोळ्यांपुढे उभी राहते." मग दुसरी वही उघडली. "माय मदर्स आइज वेअर जिलॅटिनस."

वर्गाला कळलं नाही. बाईंनी मराठीत समजावलं. चिकासारखे. गोळ्यासारखे, थरथरणारे, धरले तर निसटणारे. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "बेडकाच्या अंड्यागत!" आणि मग जे हसू फुटलं ते थांबेचना. मुली बाकावर डोकी टेकून हसत होत्या. बाईंच्याही ओठांचा कोपरा हलला. मग सुलूचा चेहरा बघून त्यांनी डस्टर आपटलं, "सायलेन्स," म्हणाल्या. तोपर्यंत व्हायचं ते झालं होतं.

सुलू पहिल्यांदा काही समजत नसल्यासारखी बाईंकडे बघत राहिली. मग हळूच वळली आणि माझ्याकडे बघितलं. मी बाकावरच्या शाईच्या डागाकडे बघत होते. त्या डागाचा आकार मला अजून काढून दाखवता येईल.

बाई माझ्याकडे बोट करून तिला म्हणाल्या, "यमुनेला अर्थ माहीत होता. घरातल्या घरात तिला विचारलं का नाहीस?"

ती आता सांगणार. सांगितलं की बाई मला उभं करणार, कोल्हापूरची जागा जाणार, निपाणीला पत्र जाणार, वैशाखात लग्न होणार. इतकं सगळं तिच्या एका वाक्यात होतं.

सुलू म्हणाली, "विचारलं न्हाई, बाई. मीच अंदाजानं लिहिलं."

आम्ही दोघी नेहमीसारख्या एकत्रच घरी आलो. खडेबाजारात कुंद्याच्या मिठाईदुकानापाशी ती रोज थांबायची, काचेतून बघायची. त्या दिवशी थांबली नाही. रागाने नाही, आदळआपट करून नाही, साधी चालत राहिली. रात्री मामांनी विचारलं, "निबंध कसा झाला?" तर म्हणाली, "आक्काचा लई चांगला झालाय, आप्पा."

तेव्हा मला लाज वाटायला हवी होती. वाटलीही असेल. पण तिच्या आधी दुसरंच काही आलं. तिला हेही जमतं! अक्षर, डोळे, माझी आई, ह्या सगळ्यांवर आता तिचा चांगुलपणाही. मी खोटी ठरले ते ठरलेच, पण ती मोठी ठरली, आणि ते माझ्यामुळे. हेव्याचं हे मला त्या दिवशी कळलं: समोरच्याचं काही हिसकावून घेतलं म्हणून तो मिटत नाही. हिसकावलेल्या जागी त्याला नवंच काहीतरी दिसतं.

जागा मला मिळाली. सुलूने कोल्हापूरचं नाव पुन्हा काढलं नाही. मॅट्रिकला बसली, पास झाली, इंग्रजीत काठावर. मामा म्हणाले, पुढं शिकतेस का, मी काहीतरी करतो. ती "नको" म्हणाली. वर्षाच्या आत तिचं लग्न झालं, रेल्वेतल्या माणसाशी. लग्नात माझ्या आईने तिची ओटी भरली आणि अशी रडली की पाहुण्यांना ती नवरीचीच आई वाटली. मी कोल्हापूरहून दोन दिवसांसाठी आले होते. बी.ए. झाले, बी.टी. झाले, निपाणीला नोकरी लागली. लग्न झालं नाही. त्याची कारणं वेगळी आहेत आणि त्यात सुलूचा संबंध नाही, असं मी धरून चालते.

एवढी वर्षं मी तिच्याकडे जायचं टाळलं. आई मात्र दर वर्षी जायची, आणि परत आली की आठ दिवस सुलूचं कौतुक ऐकावं लागायचं. तिचं वृंदावन, तिचं लोणचं, तिची पोरगी. मागच्या दिवाळीत आईचे गुडघे धरले. तिला एवढ्या लांब जाववेना. "तू जाऊन ये," ती म्हणाली. "माझ्याकडनं ह्या साड्या दे. ती वाट बघत असणार." माझी नव्हे, साड्या घेऊन येणाऱ्याची. मी गेले.

खानापूर सुटलं की झाडी दाट होत जाते. गुंजीचं स्टेशन लहान, बाकडं एक, आणि चारी बाजूंनी रान. सुलूचा नवरा तिथे स्टेशनमास्तर. क्वार्टर रुळांच्या पलीकडे, कौलारू, अंगणात भात वाळत घातलेलं. सुलू जाडी झाली होती. डोळे तेच. तिची मुलगी इंदू अकरा-बारा वर्षांची, हिचे डोळे बापासारखे बारीक. का कोण जाणे, मला त्याचं बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवरा ड्यूटीवर गेला होता, इंदू शेजारी खेळायला. सुलू अंगणात बसून भात राखत होती, हातात काठी, कोंबडी आली की आपटायची. मी जोत्यावर बसले होते. किती तरी वर्षं जे वाक्य मी मनात घासूनपुसून ठेवलं होतं ते बाहेर आलं तेव्हा अगदीच वेडंवाकडं आलं.

"सुलू, त्या शब्दाचा अर्थ मला म्हाईत होता."

तिने काठी आपटली. कोंबडी पळाली. "ते मला त्याच तासाला कळलं."

"मग बाईंना सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं असतं तर आत्याला कळलं असतं."

"म्हणजे आईला वाईट वाटेल म्हणून..."

"न्हाई गं." ती माझ्याकडे वळली. "आत्याला कळलं असतं तर ती लाजली असती. पोटच्या पोरीनं असं केलं म्हणून तिनं आमच्या घरी यायचं सोडलं असतं. मला ती यायला पायजे होती. वर्षातनं चार दिवस तरी. तुझ्यासाठी केलं न्हवतं मी ते."

इतकी वर्षं मी तिच्या ज्या चांगुलपणाचा हेवा करत होते, तो तिथे नव्हताच. एक नऊ वर्षांची पोरकी पोर होती, जी मोठी झाली तरी एका बाईची वाट बघत होती. मी म्हटलं, "माफ कर मला."

सुलूने जरा विचार केला. खरंच केला, मी बघत होते.

"आक्का, खोटं सांगू काय?" ती म्हणाली. "मला अजून राग हाय. कोल्हापूर गेलं त्याचा न्हाई, ते मीच सोडलं. पण आईचे डोळे आठवायला बसले की आधी वर्गातलं ते हसणं ऐकू येतंय. मग डोळे येत्यात. दर वेळेला. ते तुला माझ्या डोक्यातनं काढून टाकता येतंय काय?"

मी मानेनेच नाही म्हटलं.

"मग माफी घेऊन मी काय करू?" ती उठली, पदर झटकला. "चल, चहा ठेवतो. गाडीला अजून वेळ हाय."

चहा आम्ही स्वयंपाकघरात बसून घेतला. तिने माझ्या नोकरीचं विचारलं, शाळेत किती पोरी आहेत ते विचारलं. मी तिच्या लोणच्याचं विचारलं. वीस मिनिटं आम्ही दोन शहाण्या बायकांसारख्या बोललो.

स्टेशनवर पोचवायला ती आणि इंदू दोघी आल्या. गाडीचा सिग्नल पडला. मी पिशवी उचलली तेव्हा सुलू एकदम म्हणाली, "जूनात इंदूला तुझ्याकडं पाठवतो. हितं शाळा चौथीपतोर. तिला इंग्लिश शिकीव."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "माझ्याकडं?"

"दुसरं कोण हाय? तुझ्यासारखं इंग्लिश आमच्यात कुणाला येतंय?" मग आवाज खाली आणून, इंदूला ऐकू जाणार नाही असा, "पण अर्थ मात्र तिचा तिला बघू दे. तू सांगू नको."

"बरं," मी म्हटलं.

गाडी आली. डब्यात चढून मी खिडकीशी बसले. सुलूने हात हलवला नाही. ती इंदूच्या मागे उभी होती आणि त्या पोरीची सुटलेली वेणी पुन्हा घालत होती, गाडीकडे न बघता. इंदू मात्र माझ्याकडे बघत होती. जून कधी येतो, एवढाच प्रश्न त्या बारीक डोळ्यांत होता. वेणी ओढली गेली की "आई गं, हळू," म्हणून ओरडत होती आणि तरीही तिथून हलत नव्हती.

मला वाटलं होतं, एकदा बोलून टाकलं की पोटातलं सगळं सुटेल. खानापूर येईपर्यंत झाडी मागे पळत राहिली आणि मी एकच हिशेब करत राहिले. ती पोर माझ्या घरी राहील, माझ्या हातचं जेवेल, माझ्या शेजारी बसून धडे गिरवील. आणि दिवाळीची सुट्टी लागली की पिशवी भरून दाराशी उभी राहील, मोटारीची वेळ झाली का म्हणून मला दहा वेळा विचारील, आणि एकदाही मागे वळून न बघता सुलूकडे धावत सुटेल.